निजलेले रांजण

माझ्या नणंदेने, नोल्फाने, समुद्राकडे तोंड करून द्राक्षं लावली तेव्हा अख्खं बंदर हसलं. सगळ्या चिलीत द्राक्षं आतल्या उबदार खोऱ्यांत पिकतात. आमच्या टेकडीवर दुपारपर्यंत धुकं हटत नाही, वारा स्वेटरच्या आत शिरतो. सासऱ्यांच्या काळात तिथे गहूसुद्धा कुरकुरत यायचा.

"द्राक्षांना शाली पांघरवणार का गं?" माझा नवरा रोसामेल तिला विचारायचा.

"तू तुझे शिंपले सांभाळ, दादा."

रोसामेल पाणबुड्या आहे. होडीवरच्या यंत्राची हवेची नळी तोंडात धरून तो खोल खडकांवरचे शिंपले काढतो. त्या कामाने त्याचे कान खाल्ले. एक पूर्ण गेला, दुसऱ्यात ओरडावं लागतं. त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात, आणि शेजाऱ्यांना वाटतं भांडण चाललंय. कधीकधी चाललेलं असतंही.

नोल्फा शिकलेली. खोऱ्यातल्या मोठ्या वाइनरीत चांगली नोकरी होती तिची. ती सोडून आली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "वहिनी, तिथे दरवर्षीची वाइन तंतोतंत सारखी लागायची. पाऊस पडो, दुष्काळ पडो, तीच चव. मला भीती वाटायला लागली गं."

टेकडीवर पाणी नाही, म्हणून तिने खांब रोवून जाळ्या ताणल्या. धुकं जाळीत अडकायचं आणि थेंबाथेंबाने टाकीत उतरायचं. खत म्हणून मी किनाऱ्यावर विकायला वेचलेल्या जाड समुद्री शेवाळाचे तुटके, न खपणारे तुकडे. पावसात धुऊन निघाले की ते वेलींच्या बुडाशी पसरायचे. औषधं फवारायची नाहीत. आणि सगळ्यात वेडी गोष्ट म्हणजे विकतचं यीस्ट घालायचं नाही. द्राक्षांच्या सालीवर या टेकडीचं जे काही येऊन बसलं असेल, त्यानेच रस आंबवायचा. चकचकीत टाक्या नाहीत की काही नाही. मातीचे चार मोठे रांजण, शेडमध्ये कमरेपर्यंत जमिनीत पुरलेले.

तिसऱ्या वर्षी पहिलं धड पीक आलं. एप्रिलच्या शेवटी, आमच्याकडची थंडी तोंडावर असताना, आम्ही तोडणी केली आणि पायांनी द्राक्षं तुडवली. रोसामेलसुद्धा विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून उतरला. काही दिवस रांजण नुसते उसळत होते. झाकण सरकवलं की नाकात झिणझिण्या यायच्या. मग दक्षिणेचा गार वारा सुटला, जून उजाडला, आणि चारही रांजण एकदम गप्प झाले. आत जे होतं ते ना धड रस, ना धड वाइन. जिभेला गोड आणि चिकट लागायचं.

"शेगडी लाव, यीस्ट टाक, मोकळी हो," रोसामेल म्हणाला.

"निजलंय ते, दादा. थंडीत वाढलेलं आहे, थंडीत निजणारच."

"निजलंय की मेलंय, हे कसं कळणार?"

हिवाळाभर ती रोज शेडमध्ये जायची, झाकणं हुंगायची आणि परत यायची.

जुलैत एका रांजणातून आंबट, झोंबणारा वास यायला लागला. शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला होता. आम्हाला हात लावू न देता तिने एकटीने बादल्या भरून तो उतारावर ओतला. ओल्या गवतावरून तो लाल ओघळ कितीतरी लांब गेला. त्या दिवशी जेवताना तिने रश्शातला मक्याचा तुकडा नुसता इकडून तिकडे फिरवला.

"वहिनी, मी चुकले असेन तर?"

"मला काय कळतंय त्यातलं? खा आधी, गार होतंय."



सप्टेंबरात वसंत आला, दारातलं पीचचं झाड फुलांनी भरलं, तरी रांजण गप्पच. शेवटी नोल्फानेच फोन करून यीस्ट मागवलं. बसने पुडकी आली. सकाळी ती शेडच्या दारापर्यंत गेली आणि पुडकी हातात धरून तिथेच थांबली.

रोसामेल घरी होता. लाटा उंच होत्या, बंदर बंद होतं. "आण इकडे," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "मी ओततो. तू बघू नकोस."

लाकडी झाकण जड. ते उचलायला त्याने रांजणाला एका हाताने मिठी मारली, आणि तसाच थिजला.

"कोण हलवतंय?"

"काय?" नोल्फा ओरडली.

"हलतोय हा!"

आमच्या देशात असं कोणी म्हटलं की पहिला विचार भूकंपाचा. मी वर टांगलेल्या दिव्याकडे पाहिलं. दिवा स्थिर होता.

रोसामेल गुडघ्यांवर बसला, गाल मातीला टेकवला, डोळे मिटले. "खाली पाण्यात असताना वर कोणी इंजिन चालू केलं की खडकातून हाताला कळतं ना, तसं. अगदी बारीक. पण चालू आहे."

नोल्फाने पुडकी खाली टाकली आणि कान लावला. मग मी लावला. आधी मला माझ्याच कानातला ठोका ऐकू आला. मग हळूहळू, फार खोलातून, एक सरसर आली. लाट मागे गेल्यावर वाळूत फेस फुटत राहतो ना, तशी. थांबतच नव्हती. कोणी ऊब दिली नव्हती, कोणी ढवळलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारे ते जीव अख्खा हिवाळा अंधारात बसून राहिले होते, आणि वेळ झाल्यावर आपले आपण उठले होते. जन्मभर मी समुद्रासमोर उभी राहिले आहे, होडीहून मोठे देवमासे पाहिले आहेत. पण इतकं लहान झाल्यासारखं मला तिथेही कधी वाटलं नव्हतं.

"वहिनी," नोल्फा कुजबुजली. आमच्या घरात कुजबुजणारं कोणी नव्हतं. "ऐकलंस?"

दुसरा रांजणही बोलत होता. तिसऱ्याला त्याच आठवड्यात कंठ फुटला. त्या सकाळी आम्ही बाहेर आलो तेव्हा नोल्फा वेलींपाशी वाकली. काल कोरड्या दिसणाऱ्या काड्यांवरचे डोळे फुगले होते, एकदोन ठिकाणी हिरवं टोक बाहेर आलं होतं. ती कितीतरी वेळ एकदा वेलीकडे, एकदा शेडकडे बघत राहिली. "यांना कोणी सांगितलं?" एवढंच म्हणाली.

उन्हाळ्यात वाइन तयार झाली. रंगाला फिकी, जिभेवर किंचित खारट, मागून रानटी बेरींसारखी. कुणाला पाणचट वाटली, कुणी ग्लास पुन्हा पुढे केला. पुढच्या वर्षी एक रांजण उठलाच नाही. नोल्फाने खूप वाट पाहिली आणि मग तो सोडून दिला. कुठला उठेल, कुठला नाही, हे तिला अजून सांगता येत नाही, आणि तसं ती सरळ कबूल करते.

पण त्या दुसऱ्या वसंतात रोसामेल बंदरावरून आपल्या सोबत्यांना उठलेल्या रांजणापाशी घेऊन आला. सगळे पाणबुडे, सगळे त्याच्यासारखेच अर्धे बहिरे, शिव्यांशिवाय वाक्य न बोलणारे. रबरी पोशाख कमरेपर्यंत सोललेले, अंगातून पाणी निथळतंय. "हात लावा," तो म्हणाला. त्यांतल्या सगळ्यात थोराड एलिओदोरोने आधी डोक्यावरची टोपी काढली, मग दोन्ही तळवे आणि कपाळ रांजणाला टेकवलं. बऱ्याच वेळाने मागच्याने त्याला कोपराने ढोसलं.

"सरक की रे जरा. आम्हालाही बघू दे."

एलिओदोरो जागचा हलला नाही.