मापाचा ब्लाउज

शनिवारी सकाळी निघायचं होतं आणि बॅग सोमवारीच माळ्यावरून खाली आली. तेव्हापासून दिवसातून चार-पाच वेळा मी ती उघडून पाहत होतो. माझी बायको यमुना प्रत्येक वेळी विचारायची, “काय राहिलंय?” मी “काही नाही” म्हणायचो आणि चेन लावून टाकायचो.

निमित्त माझ्या पंचाहत्तरीचं. मुलगा अभिनव आम्हा सगळ्यांना मुळशीकडच्या एका बड्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री नेणार होता. घरीच पुरणपोळी करू, असं मी सुचवून पाहिलं. पण यमुनेनं विचारलं, “तिथं पोहायचा तलाव आहे का?” अभिनव म्हणाला, “आहे की, चांगला मोठा आहे.” झालं. पुरणपोळीचा विषय तिथंच संपला.

यमुना कळस गावची, शेतकऱ्याची मुलगी. सहाव्या वर्षी चुलत्यांनी पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून तिला विहिरीत सोडलं आणि पुढं लग्न होईपर्यंत दर उन्हाळ्यात ती काठावरून सूर मारत असे. मग ती माझ्याकडे शनिवार पेठेत आली. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती पाण्यात उतरली नाही आणि तिला उतरावंसं वाटतं का, हे मी विचारलं नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. पाणी मी फक्त पेल्यात पाहिलंय, असं ती म्हणते.

नात अपेक्षा कॉलेजात आहे. तिनं मला फोनवर यादी पाठवली. “आजोबा, डिनरला कॉलर मस्ट. लेंगा फक्त रूममध्ये. बनियनवर ब्रेकफास्टला आलात तर मी तुम्हाला ओळखत नाही.” शिवाय ‘रिसॉर्ट कॅज्युअल’ असा एक शब्द होता. दोन कोश पाहिले, सापडला नाही. मी तीन शर्ट ठेवले, एक काढला, पुन्हा ठेवला. बुटांना पॉलिश केलं. मग वाटलं, तलावाच्या काठी बूट घातलेला म्हातारा रेल्वेच्या टी.सी.सारखा दिसेल. बूट काढून सँडल ठेवली. तिचाही पट्टा उसवलेला निघाला.

पण मी बॅग पुन्हापुन्हा उघडत होतो, त्याचं कारण सँडल नव्हती.

सोमवारी संध्याकाळी फोनवर रिसॉर्टचे नियम आले होते. इंग्रजीत, एकूण बारा. यमुनेला इंग्रजी येत नाही, म्हणून मी एकेक वाचून मराठीत सांगत होतो. नववा नियम असा होता: तलावात फक्त नायलॉनचा पोहण्याचा पोशाख चालेल, साडी, सलवार, गाऊन किंवा कुठलाही सुती कपडा घालून उतरू दिलं जाणार नाही. समोर सूनबाई शेफाली बसली होती. तिच्यादेखत ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी आठवरून दहावर गेलो. लोकांनी गाळलेल्या ओळी शोधण्यात माझी चाळीस वर्षं गेली आणि ही मी स्वतः गाळली. लाज वाटली हे खरं, पण ते अर्धंच. तिनं चारचौघांत पाण्यात उतरूच नये, असंही मला आत कुठंतरी वाटत होतं.

बुधवारी बॅगेच्या तळाशी तिचा निळा सुती गाऊन हाताला लागला, सोबत एक लेगिंग. गाऊनच्या घेराला आतून दोरा ओवलेला होता, पाण्यात तो फुगून वर येऊ नये म्हणून. कधी ओवला कोण जाणे. तो दोरा पाहिल्यापासून मला एका जागी बसवेना. दिसायला लागलं ते असं: ती काठावर उभी आहे, केस घट्ट बांधलेले. गणवेशातला माणूस शिट्टी वाजवतो. “आजी, कॉटन अलाउड नाही.” सगळे वळून पाहतात. ती वाद घालणार नाही. टॉवेल गुंडाळून खोलीत येईल आणि म्हणेल, “पाणी गारच होतं.”

गुरुवारी ती दळण आणायला गेली, तेव्हा मी तिचं कपाट उघडलं. बायकांचे कपडे घ्यायचे तर माप लागतं, एवढं मला ठाऊक होतं. शिंप्याकडे जाताना ती मापाचा ब्लाउज नेते. समोरच एक जांभळा ब्लाउज घडी करून ठेवला होता. तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि टिळक रस्त्यावरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. आधी दुकानावरून दोनदा पुढं गेलो, मग आत शिरलो.

“पोहायचा पोशाख कोणासाठी हवाय?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

“घरच्यांसाठी.”

“साइज?”

मी पुडकं पुढं सरकवलं. तिनं उघडलं. मागून मालकांचा आवाज आला, “काका, टेलर पलीकडच्या गल्लीत.”

एक गिऱ्हाईक हसलं. बाहेर पडावंसं वाटलं. “याच मापाचा द्या,” मी म्हणालो, बहुधा फार मोठ्यानं. मुलगी भली होती. तिनं ब्लाउजला टेप लावली आणि एक गडद निळा पोशाख काढला. पूर्ण बाह्या, गुडघ्याखालपर्यंत पाय, वर स्कर्टसारखा छोटा घेर. भिंतीवर पाटी होती: ‘पोहण्याचे कपडे बदलून मिळणार नाहीत. कारण उघड आहे.’

घरी आलो तर सगळं कपाट पलंगावर उपसलेलं आणि मधोमध यमुना.

“अहो, माझा जांभळा ब्लाउज पाहिलात का? इथंच काढून ठेवला होता. अभिनवच्या लग्नातला. उसवून सैल करायचाय, शनिवारी रात्री घालायला.”

मी पुडकं आणि पिशवी दोन्ही तिच्यासमोर ठेवली. मग नववा नियम सांगितला.

“म्हणजे तो तुम्ही वाचलाच नाही?”

“वाचला. मनात.”

रागावली की तिच्या तोंडात कळसची बोली येते. “म्या न्हाई उतरले तर बरं, असं वाटलं व्हय तुमाला?”

नाही म्हणणं सोपं होतं. “सोमवारी वाटलं होतं,” मी म्हणालो.

“आन आज?”

“आज हे आणलं.”

तिनं पोशाख अंगाला लावून पाहिला, मग त्यावर ब्लाउज ठेवला. दोन्ही सारखे होते. तिच्या अंगापुढं दोन्ही लहान दिसत होते.

“वीस वर्षांपूर्वीचं माप नेलंत. यात आता माझा एक दंड जाईल फक्त.”

“बदलून मिळत नाही. तशी पाटी आहे.”

“पाट्या काय, या गावात पायपुसण्यालाही असतात. चला.”

दुकानात मालकांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि बोटानं भिंत दाखवली. “पाटी वाचली नाही का, आजी?”

“यांनी वाचली. हे नको ते वाचतात आणि हवं ते गाळतात. लेबलही तसंच आहे, बघा.”

मालकांनी पोशाख उलटसुलट करून पाहिला. “नशीब, काकांनी घालून बघितला नाही,” असं म्हणून त्यांनी मुलीला मोठा काढायला सांगितलं. यमुना पडद्यामागं गेली. बाहेर आली ती पुन्हा साडीतच, पण चेहरा वेगळा होता. “हाच,” ती म्हणाली. “आता यांना दाखवा.”

“मला? अगं, मला पोहता कुठं येतं?”

“उभं राहता येतं ना?”

“काका, कंबर किती?” मुलीनं विचारलं.

“छत्तीस,” यमुना म्हणाली. “अडतीसच द्या. नाहीतर जेवल्यावर चड्डी घट्ट होते म्हणतील आणि खोलीत पुस्तक घेऊन बसतील.”

शुक्रवारी बॅगेची चेन लागेना. तिनं तो निळा गाऊन बाहेर काढला, मग माझ्या तीन पुस्तकांकडे पाहिलं. दोन मी स्वतःच काढली. तिसरं ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग फोन घेतला आणि बाराही नियम तिला परत वाचून दाखवले, नववा जरा मोठ्यानं. उथळ बाजूला पाणी किती आहे, ते कुठंच दिलेलं नाही.