अंगठ्याची सवय

बाळ सुखरूप झालं की फुलं सर्जनला मिळतात, आणि काही बिघडलं की सगळे माझ्याकडे वळून बघतात. मी भूल देणारी डॉक्टर. बावीस वर्षं हेच करतेय, पण त्या सकाळइतकी धास्ती कधी घेतली नव्हती.

टेबलावरची बाई शाळेत गणित शिकवायची. तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं, आणि आता फुप्फुसांतला दाबही वाढला होता. जिना चढली तरी ओठ निळे पडायचे. दिवस गेले तेव्हा सगळ्यांनी नको म्हटलं, पण ती कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती. रक्तदाब एकदम उतरला असता तर अशुद्ध रक्त भोकातून उलटं शिरलं असतं, आणि मग आमच्या हातात काही उरलं नसतं.

म्हणून सिझेरियनच्या आदल्या दिवशी तिच्या खाटेवर बसून मी सगळं समजावलं होतं. पूर्ण झोपवणार नाही, पाठीतल्या बारीक नळीतून औषध थोडं थोडं सोडेन. बाळ निघाल्यावर गर्भाशय आवळायचं औषध देतात, तेही पंपावर, थेंबाथेंबाने.

"एकदम दिलं तर?" तिने विचारलं.

"दाब कोसळेल. एकदम द्यायचंच नाही."

सकाळपासून मी सगळ्यांच्या डोक्यावर बसले होते. नळीत हवेचा बुडबुडा नको, घाई नको, आरडाओरडा नको. आमच्या सर्जनबाईंना आम्ही मागून 'वादळ' म्हणतो. त्यासुद्धा चाळीस मिनिटं हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"एवढ्यात माझी दोन बाळंतपणं उरकली असती," त्या पुटपुटल्या.

"मग या उरकून," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

अखेर बाळ निघालं. मुलगी! असा काही टाहो फोडला तिने की माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सिस्टरने रोजच्यासारखी भरलेली सिरिंज पुढे केली आणि मीही रोजच्यासारखी ती नळीला लावली. अंगठा आपोआप दट्ट्यावर गेला.

"डॉक्टर," टेबलावरची ती बाई मान वळवून म्हणाली, "हे पंपावर द्यायचं होतं ना?"

दट्ट्या किंचित सरकला होता. मी सिरिंज उपसली आणि नळी बंद केली. दाब नव्वदवर आला, मग पंच्याऐंशी. तो चढवायचं औषध सुरू करून मी आकड्यांकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघत होती, आणि ते मला सोसवत नव्हतं. चार मिनिटांनी शंभर दिसले.

टाके घालून झाल्यावर सर्जनबाई आणि मी बाहेर आलो, तसा तिचा नवरा बाकावरून ताडकन उठला. "सगळं ठरल्यासारखं झालं ना?"

'हो' म्हणणं फार सोपं होतं. सर्जनबाईंनी डोळ्यांनी तसं सुचवलंही.

"नाही," मी म्हणाले. "माझा हात चुकला. तिने टोकलं म्हणून निभावलं. आणि अजून दोन दिवस धोका आहे."

तो एक पाऊल पुढे आला. हा आता अंगावर येणार, असं मला वाटलं.

"मग ते दोन दिवस तिच्याजवळ तुम्हीच थांबा," तो म्हणाला. "तुमचा हात आता चुकायचा नाही."

मी घरी फोन केला, परवापर्यंत माझी वाट बघू नका म्हणून.