बाईंना ऐकवायची आहे

शनिवारी सकाळी अकराला नारायण पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत श्यामलाताईंचा फोन वाजला. ओव्यांच्या वेबसाइटचं सारं काम या खोलीतून चालतं. फोनवर सरुबाई होत्या, हडपसरहून, आणि त्यांचा आवाज भांड्याआडून आल्यासारखा दबका.

"बाई, मच्छिंद्रा आलाय."

"कोण मच्छिंद्र?"

"भाऊ माझा. अठ्ठावीस वर्सांनी आलाय, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. भाईर बसलाय. अन् त्याची सून मोबाइलवर माझ्या ओव्या काढतीय, समद्यांना ऐकवती म्हनून. ती ओवी तिथं हाय का वो? मी ठेवू नका म्हनले व्हते."

श्यामलाताईंच्या लगेच लक्षात आलं, कुठली ते. दोन वर्षांपूर्वी जात्याची पाळ पुसता पुसता सरुबाई एकदाच बोलून गेल्या होत्या :

असून नसला गं, माझा बंधू मच्छिंदर
दारीच्या बाभळीला, माया त्याच्याहून फार

"बघते," म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवला, चालूच. समोर मिसबा बसली होती. ती खराडीच्या एका कंपनीत नोकरी करते आणि शनिवारी इथं येऊन वेबसाइटचं पाहते, चहाच्या बोलीवर.

या खोलीचा नियम एकच. ओवी लिहून झाली की ज्या बाईची तिला फोन करून वाचून दाखवायची. तिनं "हां" म्हटलं की मग ती जगाला दाखवायची. पण वेबसाइटला दोनच गोष्टी कळत : मसुदा आणि प्रकाशित. वाट बघणं तिला येत नव्हतं. श्यामलाताई मास्तरीण; त्या शीर्षकातच 'थांबा!' लिहून ठेवत. मग एकदा एक ओवी 'थांबा!' सकट प्रकाशित झाली आणि चार दिवस लोक विचारत राहिले, कुणाला थांबवताय?

तेव्हा मिसबानं एक छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, लिहून वेबसाइटला तिसरं स्टेटस जोडलं. नाव श्यामलाताईंनीच दिलं : 'बाईंना ऐकवायची आहे'. या स्टेटसची ओवी मसुद्यांच्या यादीत येत नाही, बाहेरच्यांना दिसत नाही. उंबऱ्याच्या आत बसून राहते.

"मिसबा, सरुबाईंची बाभळीची ओवी. बाहेर आहे का आत?"

मिसबानं मसुद्यांची यादी उघडली. रिकामी. काल तिथं बायांचा "हां" येऊन बाहेर काढायचे राहिलेले दोनशेच्या वर मसुदे होते.

"ताई, मसुदे कुठे गेले?"

"आमोदनं काल आवराआवर केली. सगळं एकदम प्रकाशित केलं म्हणाला." आमोद त्यांचा भाचा, हौसेनं मदत करणारा. श्यामलाताईंचा हात गळ्यातल्या चष्म्याच्या दोरीवर गेला. "तो कपाट आवरतो तेव्हासुद्धा आम्ही आठवडाभर मोजे शोधतो."

"तिचं स्टेटस बदललं होतं ना तुम्ही?"

"तेच आठवत नाहीये गं."

फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग बाहेरच्या खोलीतून मच्छिंद्रच्या सुनेचा आवाज : "आत्या, तुमच्या तीस ओव्या दिसतायत! एकेक लावू का?"

मिसबानं बाहेरच्या माणसासारखी वेबसाइट उघडली आणि शोधात टाकलं, बाभळी. काहीच सापडलं नाही. मच्छिंदर टाकलं. तेही नाही. सरुबाईंच्या नावावर तीस ओव्या, एकतिसावी नाही.

"बाहेर नाहीये, ताई."

श्यामलाताईंनी फोन उचलला. "सरुबाई, नाहीये तिथं. खुशाल ऐकू दे त्यांना."

पलीकडून एक लांब श्वास आला, डोक्यावरची पाटी उतरवून ठेवताना येतो तसा. फोन बंद झाला.

मिसबा मात्र अजून शोधत होती. "ताई, पण आतसुद्धा नाहीये. 'बाईंना ऐकवायची आहे' हे स्टेटसच दिसत नाहीये."

"म्हणजे पुसली गेली?"

ती ओवी सरुबाई पुन्हा म्हणणार नव्हत्या. म्हणताना रडल्या होत्या. पुन्हा म्हणा असं सांगायचं कुणी?

मिसबानं आमोदला फोन लावला, स्पीकरवर.

"अगं हो, एक प्लगइन होतं कुणाचं तरी. ओळखीचं वाटेना, म्हणून आधी ते बंद केलं."

"माझं होतं ते, आमोददादा."

"मग तुझं नाव तरी घालायचंस की त्यावर!"

"घालते. मोठ्या अक्षरात घालते," मिसबा म्हणाली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा हसली. "ताई, पुसलं काहीच गेलं नाही. स्टेटस ओळखणारंच कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या ओव्या यादीत दिसत नव्हत्या; आणि मसुद्यांत नव्हत्या म्हणून बाहेरही गेल्या नाहीत."

तिनं प्रोग्राम पुन्हा चालू केला. यादी उघडली, आणि एकामागून एक एकोणीस ओव्या आल्या, तिन्हीसांजेला रानातून परतणाऱ्या बायांसारख्या. सातवी बाभळीची. शेजारी श्यामलाताईंनी स्वतःच्या हातांनी निवडलेलं स्टेटस.

"बदललं होतं मी," त्या म्हणाल्या. "बदललं होतं गं." आणि डोळे पुसायचे म्हणून चष्माच पुसत बसल्या.

तासाभरानं सरुबाईंचा फोन आला. आता आवाज उघडा होता.

"आईवरच्या ओव्या ऐकून रडला वो मच्छिंद्रा. म्हनला, आईचं एवढं तुलाच कसं ठावं. बाई, ती ओवी वाचा बरं एकडाव."

"आत्ता?"

"आत्ताच. मी घरामागं परड्यात हाय, कुनी न्हाई हितं."

श्यामलाताईंनी वाचली. हळू, दोन्ही ओळी. पलीकडे एक कोंबडी ओरडली.

"खरी हाय ती," सरुबाई म्हणाल्या. "तवाची खरी हाय. पुसू नका."

"मग प्रकाशित करू?"

"आता गं बया! तो जेवतोय ना अजून." आणि मग, तोंड वळवून, घरात कुणालातरी : "आले, आले! त्याला म्हनावं ताट सोडू नगंस, दुसरी भाकर टाकलीय तव्यावर."