फेकलेलं परत आणू नये

मित्रांनो, मी एक म्हातारा विलायती कुत्रा आहे. मंगरूळपीरच्या दर्ग्याबाहेर, रेवड्यांच्या दुकानामागे एक पिवळट, केसांच्या जटा झालेला, नाकाडावर काळा डाग असलेला कुत्रा पडलेला असतो, तो मी. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला ओळखलं असेल. ज्यांनी नेम धरून मला मारलं आहे त्यांनी तर नक्कीच. तरीही मी तुम्हाला मित्रांनोच म्हणणार, कारण आपली कहाणी सांगणाऱ्याने तसं म्हणायची रीत आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते आमच्या इकडच्या मालेगावच्या डाक बंगल्याचं आवार आणि जंगलखात्याचा एक गोरा साहेब. त्याच्याजवळ आम्ही दोघं होतो. मी सोनेरी, लांब केसांचा. दुसरी काळी, आखूड, तुळतुळीत केसांची. तिला सगळे काळीच म्हणत. साहेबाच्या बोलण्यात आम्ही दोघंही रिट्रीव्हर, पण मी गोल्डन आणि ती लॅब्रेडॉर. आमची उस्तवार करायला मंगरूळचा चांद नावाचा माणूस होता. त्याची जीभ या नावांना वळत नसे. तो मला गोलंदाज म्हणायचा आणि तिला लाबाडोर.

काम दोघांचं एकच. साहेबाने बार काढला आणि तलावात बदक पडलं, की पोहत जायचं आणि ते तोंडात धरून आणायचं. त्याला दात लागता कामा नये. सरावासाठी चांद आमच्या तोंडात कोंबडीचं अंडं देऊन आम्हाला बंगल्याभोवती फिरवायचा. अंडं फुटलं की त्या दिवशी उपास. माझी दोन फुटली होती. काळीचं एकही फुटलं नाही.

एकोणीसशे पस्तीसच्या हिवाळ्यात साहेब कायमचा विलायतेला निघाला. बोटीवर आम्हाला न्यायचं नव्हतं. जऊळक्याचे उकंडराव पाटील त्याच्या शिकारीला रान उठवणारे हाकारे पुरवायचे. त्यांना त्याने निरोप धाडला, की दोघांपैकी एक कुत्रा तुमच्या पोरीसाठी घेऊन जा, राहील त्याला मी गोळी घालीन. परक्या हातात कुत्र्याचे हाल होण्यापेक्षा गोळी बरी, असं साहेबलोकांचं मत. पाटलांनी दोघांनाही नेलं असतं, पण त्यांच्या बायकोने, गोजराबाईंनी, एकाच तोंडाला भाकर घालीन असं बजावलं होतं. चांदने हे सगळं आम्हाला खायला घालता घालता सांगितलं. सांगताना त्याने काळीच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

दोन दिवसांनी पाटलांची बैलांची दमणी बंगल्याच्या आवारात शिरली. तिच्यातून पाटील उतरले, गोजराबाई उतरल्या आणि त्यांची सहा वर्षांची एकुलती एक मुलगी रुख्मिणी उतरली. रुख्मिणी तडक माझ्याकडे आली आणि तिने माझ्या केसांत दोन्ही हात खुपसले. इतके मऊ केस तिने बकरीच्या पिलाचेही पाहिले नव्हते.

पाटलांनी चांदला विचारलं, की या दोन जातींत फरक काय. चांदने खरं ते सांगितलं.

"पाटील, दोघंई गरीब जात आहे, पोरीले चावनार नाई. पन हा पिवळा आपल्या उनात टिकत नाई. त्याच्या केसात कुसळं जातीन, गोचिड भरन. काळीचे केस पाहा, पानी बी थांबत नाई. मले पुसान तं काळीले न्या."

"अन् हे रिटीवर रिटीवर का व्हय?"

"फेकलं ते वापस आनते."

पाटलांनी मान डोलावली. त्यांची समजूत अशी झाली, की घरातली चोरीला गेलेली वस्तू हा कुत्रा शोधून परत आणतो. असा कुत्रा पंचक्रोशीत कोणाकडेच नव्हता.

गोजराबाईंनी मात्र आपली परीक्षा काढली. त्या खाली बसल्या आणि आमची नखं मोजू लागल्या. वीस नखांचा कुत्रा घराला लाभतो, अशी तिकडची धारणा आहे. काळीची अठरा भरली. माझ्या मागच्या पायांना वर एक एक जास्तीचं नख आहे, म्हणून माझी वीस झाली. चांद म्हणाला, की नखाचं काय घेऊन बसता बाई, पण त्याचं कोण ऐकतो.

तरी पाटील घुटमळत होते. तेव्हा साहेबाने आपला हातमोजा लांब भिरकावला. काळी माझ्या आधी पोचली, तिने तो अलगद उचलला आणि ती वळली. मित्रांनो, इथे मला सहज खोटं सांगता आलं असतं. मी वाटेत तिला धडक दिली, तिच्या तोंडातला मोजा ओढून घेतला आणि नेऊन रुख्मिणीच्या पायाशी ठेवला. असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं. काळी मागे तशीच उभी राहिली. तिला वाटलं, खेळ असेल. साहेब हसला आणि पाटील म्हणाले, की ठरलं, पिवळाच न्यायचा.

दमणी फाटकाबाहेर पडून बाभळींपर्यंत गेली असेल, तोच मागे बार झाला. बार झाला म्हणजे पक्षी पडला, आणि पक्षी पडला म्हणजे आपलं काम, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की मी शेपूट हलवत उभा राहिलो आणि उडी घ्यायला निघालो. रुख्मिणीने माझी मान गच्च धरून ठेवली. मला बराच वेळ वाईट वाटत होतं, की आपण आणायला गेलो नाही. काय आणायला जायचं होतं ते मला उशिरा कळलं.

जऊळक्यात माझं नाव सोन्या झालं. पहिले चार महिने थाटाचे गेले. मला बघायला मालेगावहून माणसं येत. पाटील त्यांना माझी नखं दाखवत. रुख्मिणी चिंध्यांचा चेंडू फेकायची आणि मी आणून द्यायचो, हे दिवसातून पन्नास वेळा चालायचं. ती दमायची, मी नाही. ती जेवली की तिच्या हातचा शेवटचा घास माझा असायचा. मी त्या पोरीवर जीव टाकत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग वैशाख आला आणि चांदचा शब्द खरा ठरला. माझी जीभ आत जाईना. केसांत कुसळं रुतली, कानांत गोचिड झाले. घरच्या गड्याने, सोमलाने, एकदा गोचिडांवर रॉकेल चोळलं, तर त्यांच्याबरोबर माझी कातडीही सोलून निघाली. माझ्या अंगाला वास येऊ लागला. मग मला ओसरीवरून गोठ्यात बांधलं. पाहुणे आले की पाटील आता बैलजोडी दाखवत.

राखणीत तर मी ढ होतो. एकदा भरदुपारी एक भामटा परसात शिरला, तर मी त्याची वहाण तोंडात धरून त्याच्या हातात दिली. शिवाय मीच लोकांच्या वस्तू आणायचो. शेजारणीचं वाळत घातलेलं लुगडं, कोणाची जिवंत कोंबडी, मारुतीच्या पारावरचं कोणाचं तरी मुंडासं, जे सापडेल ते पाटलांच्या दारात. पाटलांचा कुत्रा चोरी पकडत नाही, करतो, असं गाव म्हणू लागलं. पाटलांना ते लागलं. मला घराबाहेर काढायचं बोलणं तेव्हाच सुरू झालं होतं. रुख्मिणी रडायची म्हणून ते पुढे ढकललं जायचं. त्या घरात माझा आधार तेवढाच.

आणि रुख्मिणीच तापाने पडली. पाच दिवस ताप उतरला नाही. मालेगावच्या वैद्याच्या पुड्या झाल्या, मंगरूळच्या दर्ग्याला नवस बोलून झाला. सहाव्या दिवशी गोजराबाईंनी उतारा काढायचं ठरवलं. कणकेची बाहुली, लिंबू, गुलाल लावलेली भाकर असं तांबड्या फडक्यात बांधून त्यांनी पोरीवरून सात वेळा उतरवलं, आणि दिवस बुडताना गावाबाहेरच्या तिवाट्यावर नेऊन फेकलं. उतारा टाकून येताना बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं तर पीडा मागोमाग घरी येते.

त्यांच्या मागून मी गेलो होतो हे त्यांना माहीत नव्हतं. घरात मला कोणी विचारत नव्हतं, पोरीजवळ जाऊ देत नव्हतं, आणि इतक्या दिवसांनी माझ्या धनिणीने काहीतरी फेकलं. मित्रांनो, मला केवढा आनंद झाला! मी ते गाठोडं अगदी हलक्या तोंडाने उचललं. लिंबाला दात लागू दिला नाही. बाहुलीचा हातसुद्धा मोडला नाही. गोजराबाई पुढे आणि त्यांच्या टाचेमागे मी, असे आम्ही घरापर्यंत आलो. माझी पावलं त्यांना ऐकू येत होती. त्यांनी चाल वाढवली, पण नेम मोडला नाही.

दारात त्या पाय धुवायला थांबल्या. मी त्यांच्या बाजूने आत गेलो आणि ते गाठोडं रुख्मिणीच्या अंथरुणावर, तिच्या हाताशी ठेवलं. ती तापात डोळे उघडून बारीक हसली. मग मी शाबासकीसाठी दाराकडे पाहिलं.

गोजराबाई चौकटीतच खाली बसल्या. "म्या वळून पाह्यलं नाई," त्या पाटलांना म्हणाल्या. "आयकलं, पन पाह्यलं नाई."

पाटलांना त्यांच्या जन्माची गोष्ट तेव्हा कोणी आठवून द्यायला हवी होती. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून ते जन्मताच त्यांना उकिरड्यावर टाकलं होतं आणि परत उचलून आणलं होतं. म्हणून तर नाव उकंडराव. टाकलेलं परत आणलं की पोर जगतं, हे त्याच घराचं शास्त्र. पण ते पोराचं झालं. उताऱ्याचं शास्त्र वेगळं, आणि कुत्र्याला दोन्ही कोणी शिकवलेली नसतात.

पाटील शांतपणे सोमलाला म्हणाले, "ज्या तोंडानं आनलं त्याच तोंडाले डाग दे."

सोमलाने चुलीत विळा तापवला. दोघांनी माझे पाय धरले. मी चावू शकलो असतो. पण तोंडातली वस्तू फोडायची नाही, एवढंच मला लहानपणापासून शिकवलेलं, आणि माझा जबडा आवरताना सोमलाचं डावं मनगट त्या वेळी माझ्या तोंडातच आलं होतं. मी ते अंड्यासारखं धरून ठेवलं. विळा नाकाडावर टेकला तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी मला पोत्यात घालून गाडीतून मंगरूळच्या बाजारात आणून सोडलं. आणि गंमत बघा, तिसऱ्या दिवशी रुख्मिणीचा ताप उतरला. सगळ्यांना पटलं, की पीडा पोरीच्या अंगातून निघून कुत्र्यात शिरली. बाजाराच्या माणसांबरोबर ही बातमी मंगरूळला पोचली. तेव्हापासून आया पोरांना सांगू लागल्या, की पिवळा कुत्रा जवळ आला तर दगड मारा, त्याच्यात ताप आहे. मी डोळ्यांनी पाहिलं, एका बाईने आपल्या तापलेल्या पोरासाठी माझ्या नाकाडावर चटका द्यायला कोळसा आणला होता. तिची काय चूक? एकदा गुण आलेलं औषध कोण सोडतं!

चांदने मला ओळखलं. तो आता दर्ग्यापाशी चादरी विकतो. त्याने जटा कापल्या आणि डागावर खोबरेल लावलं. मग एवढंच म्हणाला, "तुले नको नेऊ म्हटलं होतं म्या." घरी मात्र त्याने मला नेलं नाही. त्याच्या घरी लहान मुलं आहेत.

पुढच्या उरुसाला पाटील नवस फेडायला आले. मी दुकानामागून पाहिलं, रुख्मिणी उंच झाली होती. मी शेपूट हलवत पुढे गेलो. जवळ जायचं नाही हे मला माहीत होतं, म्हणून चार हात लांब बसलो. गोजराबाईंनी पोरीला मागे ओढलं, खाली वाकल्या आणि एक दगड तिच्या हातात दिला.

"मार त्याले. नाई तं ताप वापस आनीन तो."

"माय, हा आपला सोन्या व्हय."

"होता."

रुख्मिणीने दगड फेकला. तो माझ्या बरगडीत लागला आणि घरंगळत गेला. तिने फेकलं होतं. मी गेलो, तो उचलला, आणून तिच्या पायाशी ठेवला आणि पुन्हा चार हातांवर जाऊन बसलो. ती घाबरली, कारण मी खरोखरच वापस आणत होतो. तिने तोच दगड उचलून जोरात मारला. मी तो पुन्हा आणला. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा तो माझ्या डोळ्यावर बसला आणि मला उठता आलं नाही. मी उठेपर्यंत दमणी निघून गेली होती.

आता माझं थोडंच उरलं आहे. शेवटी उपदेश करायचा असतो, म्हणून करतो. कुत्रा आणायचा असेल तर नखं मोजू नका, त्याची सवय विचारा, आणि ती आपल्याला झेपेल का ते आधी स्वतःला विचारा. नाही झेपली तर ती त्याची चूक समजू नका. आणि एक मागणं आहे. माझ्या पुढच्या पंजाखाली एक दगड आहे. मला मारायचं तर रस्त्यावर दगड पुष्कळ आहेत, त्यातला कोणताही घ्या. हा घेऊ नका. हा रुख्मिणीचा आहे, तिला द्यायचा राहिला आहे.