आजी, कूस बदलू का?

मित्रांनो, मी एक जुनी रबरी आजी आहे. दचकू नका! कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा मला वयच नव्हतं. नर्सिंग शाळेतल्या मुलींनी मला ‘आजी’ केलं. अंग पुसायला, कूस बदलायला त्या माझ्यावरच शिकल्या.

त्यांना शिकवणाऱ्या मोठ्या बाईंचा एक दंडक होता. आधी मला विचारायचं, उत्तरासाठी थांबायचं, मगच हात लावायचा.

“बाई, ही काय बोलणार, कपाळ?” एकदा चष्मेवाली मुलगी हसली.

“नाही बोलली तर नाही! थांबायची सवय तुला लागली पाहिजे,” बाईंनी तिला झापलं.

त्या थांबल्या की सगळ्यांचे डोळे माझ्या ओठांवर असायचे. खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

पुढे छाती धडधडणारी नवी बाहुली आली आणि माझी रवानगी शाळेच्याच रुग्णालयात, वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर झाली. एके दिवशी शेजारच्या खाटेवर कोणाला आणावं? मोठ्या बाईंना! अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली.

“यांना काही कळत नाही गं,” असं म्हणत मुली त्यांना गाठोड्यासारखं उलटंपालटं करायच्या. माझ्या खाटेला धक्का लागला तर मात्र “सॉरी हं आजी!” बाईंच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. मुली तेही न विचारताच पुसायच्या.

“उद्यापर्यंत काही प्रतिसाद नसेल, तर यांना मागच्या इमारतीत हलवा,” डॉक्टर म्हणाले. तिथे उपचार नसतात, नुसतं ठेवतात. माझा जीव कासावीस झाला. जीव! बघा, काय बोलून गेले मी.

दुपारी चष्मेवाली परीक्षेच्या सरावाला माझ्याकडे आली.

“आजी, कूस बदलू का?” ती म्हणाली आणि सवयीने थांबली.

“हो.”

घोगरा, ओला आवाज. मुलगी किंचाळली आणि माझ्या ओठांकडे बघतच राहिली. मीही घाबरले. मला तो माझाच आवाज वाटला. मग तिने हळूच मान वळवली. शेजारच्या खाटेवर बाईंचे ओठ हलत होते. “हो... बदल.”

रडत रडत तिने हात पुढे केला, आणि मध्येच थांबली. “बाई, हात धरू का तुमचा?”

बाईंना कुठेही हलवलं नाही. आता त्या उशीला टेकून बसतात.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. समोरचं माणूस गप्प आहे म्हणून तिथे कुणी नाही, असं धरून चालू नका. विचारा, आणि थांबा. मलाही मुली अजून विचारतात. पूर्वी त्या थांबल्या की मी नुसती पडून असायचे. हल्ली माझ्या ओठांशी एक ‘हो’ येऊन थांबतो.