बानूबाईच्या कमरेचं माप

मी टेप बोलतोय. शिंप्याच्या गळ्यात असतो तसलाच, पिवळा, कापडी. पण माझ्या नशिबी झंपर-परकर आले नाहीत. शहाण्णव साली बारामतीच्या बाजारातून डॉक्टर सुकन्याबाईंनी मला घेतलं आणि पणदऱ्यातल्या आपल्या दवाखान्यात आणलं. तेव्हापासून मी बायकांची कंबर आणि दंड मोजत आलो.

बायका माझ्यासमोर आल्या की आधी पोट आत ओढतात. "श्वास सोडा, अंग मोकळं ठेवा," असं बाई म्हणतात. पोट सुटलं की त्या शरमतात. घरादारानं जेवून उरेल ते खायचं, तेही भूक मेल्यावर, आणि वर शरमायचं. याचा मला पहिल्यापासून राग येई. पण खरा राग आला तो बानूबाईच्या वेळी.

बानूबाई चाळिशीची. दावणीची जनावरं एकटीनं सांभाळायची. हातपाय काटक्यांसारखे. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, दुपार झाली की अंग गळायचं. आधीच्या एका डॉक्टरनं काट्यावर उभी करून, "वजन बेताचंच आहे, काही झालेलं नाही," म्हणून वाटेला लावलं होतं. सुकन्याबाईंनी मला तिच्या कमरेभोवती फिरवलं. ब्याण्णव सेंटिमीटर भरली, बाईमाणसाची ऐंशीच्या आत हवी. दंड मात्र जेमतेम बावीस. बाईंच्या कपाळाला आठी पडली. रक्त तपासलं, तर साखर वाढलेली. बारामतीला सोनोग्राफी झाली. लिव्हरवर चरबी निघाली.

रिपोर्ट आणायला नवरा गेला होता, दादासाहेब. त्यातला 'लिव्हर' एवढाच शब्द त्याला कळला. लिव्हर दारूनंच जातं, हे त्याच्या डोक्यात पक्कं. धाकटा भाऊ मानसिंग त्याला म्हणाला, "वहिनी चोरून घेत असंल." हा मानसिंग स्वतः रोज संध्याकाळी भिंतीला धरून घरी यायचा. त्याला कोणी काही विचारलं नाही. बानूबाईला मात्र दुसऱ्याच दिवशी माहेरी, पळसदेवला, धाडलं. डेअरीवर दूध घालायला आलेल्या माणसांत बोभाटा झाला, दादासाहेबाची बायको दारुडी निघाली.

हे सगळं मला कळलं ते तिच्याच तोंडून. भाऊ सोनबा तिला घेऊन दवाखान्यात आला होता. "डाक्टरीणबाई, मी कदी वाससुदिक घेतला न्हाय," ती म्हणाली. रडली नाही. मला पीळच पडला संतापानं.

सुकन्याबाईंनी दोघांना बसवून ठेवलं आणि निरोप धाडून दादासाहेबाला बोलावलं.

"दारू न पिताही लिव्हरवर चरबी बसते," त्या म्हणाल्या. "हातापायांनी वाळलेल्या बाईच्यासुद्धा पोटात चरबी साठते. तिला साखरेचा आजार आहे. तुम्ही मला का नाही विचारलं?"

"लोक म्हनाय लागले, बाई."

"लोकांना कोणी सांगितलं?"

तो बायकोकडे वळून म्हणाला, "चल घरी. झालं ते झालं."

"आसं न्हाय," बानूबाई म्हणाली. "डेअरीवर माझी आब्रू काढलीसा. आदी तितं जाऊन सांगा. सगळ्यांदेखत. मग येती मी."

ती सोनबाबरोबर पळसदेवला परत गेली. दादासाहेबानं आठवडा घालवला. शेवटी एका सकाळी डेअरीवरच्या रांगेत उभा राहून तो बोलला, "माझी बायको दारू पीत न्हाय. मीच खोटं बोललो." मानसिंग तिथंच होता, कॅन टाकून निघून गेला म्हणे.

बानूबाई घरी आली. आता औषध घेते, सगळ्यांबरोबर ताटावर बसते. मागच्या खेपेला कंबर सत्त्याऐंशी भरली. पोट आत न ओढता उभी होती ती.

माझे आकडे आता पुसलेत, कडा सुटल्यात. बाईंनी नवा टेप आणलाय, मी खणात पडून असतो. राग मात्र गेलेला नाही. जाता जाता एवढंच मागतो. घरातली बाई दुखतंय म्हणाली तर तिच्या दुखण्याला नाव सापडेपर्यंत थांबा. त्याआधी तिला नावं ठेवू नका.