पुढच्या चाकाची बसकण

मेकॅनिक असलेल्या सुनेने ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवला, ती उताणी गाडीखाली सरकली आणि चाकामागच्या रबरी फुग्याला तिने घडीघडीत फेस चोपडला. मग श्वास रोखून बघत पडून राहिली. कुठेतरी बुडबुडा आला असता, तर हवा कुठून जाते ते कळलं असतं. चौथ्या दिवशीही तो आला नाही.

"दिव्याखाली अंधार," वरून गॅरेजचे मालक म्हणाले. हातात सदा पाना, म्हणून सगळे त्यांना पानाकाका म्हणत. "जगाच्या गाड्या सरळ करतेस आणि तुझीच लंगडी!"

"सापडेल, काका."

"अगं, फुगे काढ, स्प्रिंगा घाल आणि मोकळी हो."

"सापडेल म्हणतेय ना."

ही जुनी, उंच, अवाढव्य गाडी स्प्रिंगांवर नव्हे, हवेवर उभी असे. प्रत्येक चाकापाशी एक जाड रबरी फुगा, खाली कॉम्प्रेसर आणि चाकांजवळ उंची मोजणारे सेन्सर. माणसं बसली, ओझं वाढलं की सेन्सर खबर द्यायचे, कॉम्प्रेसर हवा भरायचा आणि गाडी पुन्हा आपल्या उंचीवर यायची. पण पुढच्या एका फुग्यातून हवा चोरपावलांनी निघून जाई. संध्याकाळी ताठ उभी केलेली गाडी सकाळी त्या कोपऱ्यावर बसकण मारून असे. शेजारी गालात हसत. गाड्या दुरुस्त करून पोट भरणाऱ्या बाईच्या दारात अशी गाडी म्हणजे नाक कापल्यासारखंच होतं.

पाचव्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. फुगा ताणलेला असताना नाही, दबलेला असताना बघायला हवा. तिने गाडी खाली घेतली, काठीला बांधलेला छोटा आरसा आत सरकवला आणि एका घडीच्या पोटात मोहरीएवढा बुडबुडा फुगताना दिसला. गॅरेजभर ऐकू जाईल असं ती हसली. दुपारपर्यंत नवा फुगा बसवून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात ताठ उभी होती. तिचे सासरे काठी टेकत बाहेर आले. चाळीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते रोज पोहण्याच्या तलावावर पाण्यातले व्यायाम करायला जात. सून गॅरेजला जाताना त्यांना सोडत असे. डॉक्टरांनी बजावलं होतं, व्यायाम सुटला की खुबा आखडणार आणि खुबा आखडला की अंथरूण धरावं लागणार. सासऱ्यांनीही घरात बजावलं होतं, मला उचलून गाडीत बसवायची वेळ आली की त्या दिवसापासून मी बाहेर पडणं बंद.

त्यांनी दाराची कड धरून पाय उचलला. पाऊल आत पोचलं नाही. काठी दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा उचलला. मग पाठमोरे होऊन टेकायला गेले, तर सीट वर राहिली.

"बाबा, थांबा, मी धरतो," म्हणत त्यांचा मुलगा धावत आला.

"हात लावू नकोस."

"अहो, एवढंसं तर..."

"लावू नकोस म्हटलं ना." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "आज पाणी गार असेल. उद्या बघू."

उद्या सर्दी निघाली, परवा कंटाळा. चाळीस वर्षांत एक रजा न घेतलेल्या माणसाला कंटाळा! चौथ्या दिवशी ते भिंतीला हात लावत न्हाणीघराकडे जाताना सुनेने पाहिलं. ती टेप घेऊन बाहेर गेली आणि जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजली. बसकण मारणारा कोपरा त्यांच्याच दाराचा; तेव्हा हीच सीट चांगली चार बोटं खाली असायची. सासरे आपले आपण टेकायचे, इंजिन सुरू झालं की गाडी त्यांच्यासकट वर यायची. कुणी काही करत नव्हतं, म्हणून कुणाचे उपकारही नव्हते. आणि आपण मोठ्या शहाण्या, ते दुरुस्त करून बसलो. तिला स्वतःचाच राग आला.

आधी तिने सरळ मार्ग धरला.

"बाबा, हे बटण दाबलं की गाडी खाली येते. मी रोज दाबीन."

"माझ्यासाठी?"

"हो."

"आज बटण, उद्या हात, परवा चाकाची खुर्ची," सासरे म्हणाले. "नको. आयुष्यभर पोरांना ताठ उभं राहायला शिकवलंय मी."

गुपचूप बटण दाबावं, तर इंजिन सुरू केल्याशिवाय ते चालत नसे, आणि सासऱ्यांची खिडकी अगदी गाडीवर उघडत होती.  गॅरेजमध्ये जाऊन सुनेने हातातली कामं बाजूला सारली आणि नव्या फुग्याच्या नळीवर एक छोटी झडप चढवली. इंजिन बंद असताना हवा अगदी हळू सोडणारी, गाडी चार बोटं उतरली की मिटणारी. पहिल्यांदा गाडी धपकन खाली आली. दुसऱ्यांदा हललीच नाही. तिने झडप सोडवली, पुन्हा बसवली, पुन्हा सोडवली.

"डोकं फिरलंय का तुझं?" पानाकाका म्हणाले. "पाच दिवस गळती शोधलीस आणि आता आपल्या हाताने बसवतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला जमलं नाही."

"आणि ते चालेल तुला?"

"नाही चालणार," ती म्हणाली. "जरा टॉर्च धरा."

काकांनी टॉर्च धरला. सातव्या खेपेला गाडी हवी तशी उतरली.

सकाळी दारात गाडीने पुन्हा बसकण मारली होती. नवरा ब्रश तोंडात धरूनच म्हणाला, "घ्या! आता दुसरा मेकॅनिक बघ बाई." समोरच्या गच्चीवरून कुणीतरी हसलं. 

सासरे काठी टेकत आले आणि खचलेल्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"गळती सापडली होती ना गं?"

"वाटलं होतं, बाबा. नाही जमलं मला." हे शब्द तिने आजवर कुणापुढे उच्चारले नव्हते. ते जड गेले.

सासऱ्यांनी काठी आत ठेवली. पाठमोरे होऊन सीटवर टेकले, एकेक पाय हाताने उचलून आत घेतला आणि दार स्वतःच ओढून घेतलं. इंजिन सुरू झालं, कॉम्प्रेसर गुरगुरला आणि गाडी हळूहळू वर आली. वळण आलं तशी त्यांनी टॉवेलची पिशवी मांडीवर नीट घेतली.

"मी काय म्हणतो," मग समोरच बघत ते म्हणाले, "ही गाडी दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस."

"का, बाबा?"

"उगाच सापडेल एखाद्याला."